तिसऱ्या ओळीतलं पाणी

आमच्या मोर्शीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर महिन्याला कोणीतरी आपला अनुभव लिहून आणतो आणि बाकीचे ऐकता ऐकता झोपतात. या वेळी माझा नंबर लावला. अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, मंडळात जहाजावर बसलेले तुमी एकटेच. क्रूझवर लिवा. समुद्र, सूर्यास्त, असं काही." मी चौथी शिकलेला माणूस. सूर्यास्त मला लिहिता येत नाही. आणि खरं सांगतो, जहाज मला फारसं आठवतही नाही. एका मोठ्या लॉजात आम्हाला ठेवलं होतं आणि तो लॉज हलत होता, एवढंच ध्यानात आहे. आठवते ती वच्छला. माझी बायको. तिला जाऊन आता वर्ष होईल. तर मी तिच्यावर लिहितो, जहाज मधात येईल तेव्हा येईल. ज्याला सूर्यास्त पाहिजे त्यानं अमरावतीच्या वकीलसाहेबांच्या मोबाइलात पाहावा. ते आमच्यासोबत होते आणि त्यांच्याजवळ खंडीभर आहेत.

वच्छला मोर्शीच्या एस.टी. स्टँडवर संत्री विकायची. बाग माझ्या बापाची. झाडांची निगा मी करायचो, पण झाडावरून उतरलं की फळ तिचं. डोक्यावर टोपलं, हातात संत्र्यांच्या जाळ्या, आणि गाडी लागली की ही खिडकीखाली उभी. "घ्या बाबू, साखर हाय साखर! पोरासाठी घ्या!" टोपल्यातली वरची संत्री अशी की देवाला वाहावी. खालची बकरीनंही तोंड फिरवावं अशी. मी एकदा बोललो, "काहून वो, लोकाइले फसवतं?"

तर म्हणाली, "गाडी सुटल्यावर तो मानूस परत येते का भांडाले? आन् गावातल्या मानसाले मी कधी खालचं देल्लं? विचारा जाऊन."

ते खरं होतं. गावातलं गिऱ्हाईक स्टँडच्या मागच्या गल्लीत आमच्या ओट्यावर यायचं, आणि तिथं ती आधी एक संत्रं फोडून हातावर ठेवायची, मग भाव बोलायची.

यातून तिनं स्वतःचं एक शास्त्र बनवलं होतं. जगात कुठंही जा, गाडी थांबते तिथं दुकानांची पहिली ओळ लुटणाऱ्यांची. "माह्यासारख्याइची," असं ती छाती पुढं काढून सांगायची. दुसरी ओळ गावच्या गिऱ्हाइकाची, म्हणजे भाजी, किराणा, पंक्चरवाला. आणि तिसऱ्या ओळीत माणसं राहतात. त्या तिसऱ्या ओळीतल्या एखाद्या घरी जाऊन पाणी प्यायल्याशिवाय ती त्या गावाला पाहिलेलं मानत नव्हती. ही तिच्या बापाची रीत. तो चांदूर बाजारचा, आठवडी बाजार फिरणारा भाजीवाला. नव्या गावात दुकान मांडायच्या आधी कोणाच्या तरी घरी पाणी मागायचा आणि निघताना घरच्या बाईच्या हातावर मूठभर मिरच्या नाही तर दोन वांगी ठेवायचा. पाण्यासोबत गावाची सगळी खबर मिळते, असा त्याचा हिशोब. पोरीनं हिशोब उचलला आणि त्याचा धर्म करून टाकला.

त्या धर्मापायी आमच्या लेकीचं, मीराचं, लग्न मोडलं, म्हणजे वाचलं. पातूरचं स्थळ आलं होतं. आम्ही पाहायला गेलो. मुलाकडं पोहे तयार होते, नवी चादर अंथरली होती. ही बाई स्टँडवर उतरली ती पाव्हण्यांच्या घराकडं न जाता त्यांच्या मागच्या गल्लीत शिरली. एका घरी पाणी, दुसऱ्या घरी पाणी. मी प्रत्येक दारात तिच्या चपला सांभाळत उभा. माझं काम तेच असायचं, वेळ पाहणं आणि चपला पाहणं. तिसऱ्या घरातून ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "चला, परतीची गाडी हाय."

"अवो, पोहे करून ठेवले त्याइनं!"

"त्याच्या पह्यल्या बायकोले चारा म्हना."

पहिली बायको आहे, एवढी गोष्ट पाव्हणे सांगायचे विसरले होते.

आता जहाज. आमचा सुधीर पुण्यात कंपनीत आहे. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यानं आम्हा दोघांना सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाचं तिकीट काढून दिलं. पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. सोबत अमरावतीचा ग्रुप, रोज वरण-भात, आणि ज्याला पाहिजे त्याला पुरणपोळी. फोनवर पोरानं आईला बजावलं, "आई, ग्रुप सोडायचा नाही. बसमधून सगळं दिसतं. बाहेरचं पाणी प्यायचं नाही."

वच्छला "हो हो" म्हणाली. फोन ठेवला. मग मला म्हणाली, "आयुष्यभर मी खिडकीच्या खालतं उभी राहून लोकाइले जाताना पाह्यलं. कोनी दर्यापूरले, कोनी मुंबईले. मी कोठी गेली? आता एकडाव जाऊन राह्यली, त मले खिडकीतून नाई पाहाचं. जेथं जहाज थांबन तेथं एका घरचं पानी पेईन. नाई पेली त मी गेलीच नाई, असं समजजा."

"आन् जहाज सुटलं त?"

"तुमी हाये न घड्याय पाहाले."

बॅगेत औषधांच्या वर तिनं संत्र्याच्या बर्फीचे डबे रचले. औषधं एक-दोन मागे राहिली हे मला जहाजावर कळलं.

जहाजावर आमच्या अमरावतीच्या मंडळींनी समुद्राकडं पाठ करून पत्ते मांडले. आजूबाजूला शंभर प्रकारचं खाणं, आणि जो तो आपल्या पिशवीतून ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी काढून त्यावर वाढून घेतो. आमचा टूर मॅनेजर केतन. चांगला माणूस. हातात कायम झेंडी, जेवतानासुद्धा. तो झेंडी वर करायचा आणि न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेली माणसं, ज्यांनी लोकांना आत टाकलं, ती मुकाट रांगेत उभी राहायची.

पेनांगला जहाज धक्क्याला लागलं. बाहेर बस तयार. वच्छला बसच्या दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

केतन धावला. "काकू, काकू! बस इकडं. आधी चॉकलेटची फॅक्टरी, मग उशांचा शोरूम."

"उशा पाहाले एवढ्या दूर आलो का बापा?"

"काकू, माझ्यावर जबाबदारी आहे."

"जबाबदारीले बसोव बसमंधी. खिडकी दे तिले. मी पायी जातो."

शेवटी केतननं मोबाइल काढला, व्हिडिओ लावला आणि तिला म्हणाला, बोला, मी माझ्या खुशीनं जात आहे. वच्छलानं पदर सारखा केला, मोबाइलाकडं पाहिलं आणि खणखणीत आवाजात बोलली, "मी माह्या मर्जीनं जाऊन राह्यली. हरपली त नवऱ्याले विचारजा." असं करून मीही त्यात गोवला गेलो.

धक्क्याच्या बाहेर पहिली ओळ उभीच होती. प्लास्टिकच्या फुलांनी मढवलेल्या तीनचाकी सायकली, टोप्या, फ्रिजला चिकटवायची चुंबकं. एक सायकलवाला आमच्या मागं लागला, "हॅलो मामी, नमस्ते, इंडिया!" वच्छला थांबली. मला वाटलं फसली. पण ती त्याच्याकडं कौतुकानं पाहत होती. "चांगला ओरडते," म्हणाली. "गया मोठा हाय." त्याच्या गळ्याला अशी दाद देऊन पुढं निघाली.

दुसरी ओळ तिनं वासावरून काढली. भाजीबाजार. तिथं एक म्हातारी चिनी बाई लहान लहान संत्र्यांचा ढीग लावून बसली होती, वर हिरव्या पानांसकट. वच्छलानं वरच्या एकाही संत्र्याला हात लावला नाही. ढिगाच्या खाली बोटं घातली आणि एक फळ ओढून काढलं. मऊ पडलेलं. दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या. त्या बाईचं तोंड भांडायला उघडलंच होतं, तेवढ्यात आमची बाई खो खो हसली. डोक्यावर टोपलं असल्याचं तिनं हातानं दाखवलं, बसची खिडकी दाखवली, वरचं चांगलं, खालचं सडकं, मग गाडी गेली, भुर्रर! ती चिनी बाई एवढी हसली की तिला ताजवा धरावा लागला.

मग वच्छलानं अंगठा तोंडाला लावला. "पानी." बाईनं बाटली काढून दिली. "बाटलीतलं नोको वो माय. घरचं." आणि दोन हातांचं छप्पर करून दाखवलं. अख्ख्या बाजारानं तो अर्थ लावण्यात भाग घेतला. शेवटी ती बाई दुकान शेजारणीवर टाकून उठली आणि मागच्या गल्लीत घेऊन गेली. अरुंद घर, दारातच लाल देवघर, देवापुढं संत्री ठेवलेली. मी चपला घेऊन उंबऱ्याबाहेर. त्या घरच्या म्हाताऱ्यानं मलाही पेला पुढं केला, मी माझी सीलबंद बाटली दाखवली. सुधीरनं बजावलं होतं.

आतून वच्छलाचा आवाज आला, "अवो, ऊन पानी देल्लं याइनं! मी काय बिमार दिसून राह्यली का?" त्या लोकांची रीतच तशी असावी. तिनं तोंड वाकडं करून सगळा पेला संपवला आणि बर्फीचा तुकडा काढून बाईच्या हातावर ठेवला. बाईनं तो आधी देवापुढं ठेवला. परत येताना वच्छला एवढंच म्हणाली, "घर चांगलं हाय. सून भांडते वाटते."

"तुले कसं समजलं?"

"दोन चुली."

मंडळी उशा घेऊन परतली होती. वकीलीणबाईंनी विचारलं, "काय पाहिलं मग वच्छलाबाई?"

"पेनांग."

"आणि आम्ही?"

"तुमी दुकान पाह्यलं बाई. चांगलं असन."

दुसऱ्या दिवशी फुकेत. तिथं जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्याला नेतात. रात्रीतून वच्छलाची कीर्ती पसरली होती. निम्म्या बायका म्हणाल्या, आम्ही वच्छलाबाईसोबत. त्यांच्या रक्षणासाठी वकीलसाहेब निघाले. केतननं झेंडी खाली केली आणि एका खुर्चीवर बसून घेतलं.

पहिली ओळ समुद्राला लागूनच. हत्तीच्या छापाचे पायजमे. वच्छला न पाहता आरपार गेली, आणि एका रुंद गल्लीत तिनं आमची फौज घुसवली. गल्लीत विजेच्या मोठमोठ्या पाट्या, पण विझलेल्या. टेबलांवर खुर्च्या उलट्या. लग्नाचा मांडव दुसऱ्या सकाळी दिसतो तसं सगळं. एका अर्ध्या शटरखाली चार-पाच पोरी प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून भात खात होत्या. न्हालेल्या, केस ओले.

ही कोणती जागा आहे ते सगळ्यात आधी वकीलसाहेबांनी ओळखलं. त्यांनी कसं ओळखलं, हे वकीलीणबाईंनी त्यांना नंतर विचारलं. तो खटला अजून चालू आहे.

साहेबांनी माझ्या कानात सांगितलं, मी वच्छलाच्या. "अवो, चाल येथून. ह्या पोरी तशा हायेत."

"कशा?"

"रातच्या."

तिनं शटरकडं पाहिलं. आमच्या बायकांनी एकसाथ माना फिरवल्या, जसं काही झेंडीवरच. वच्छला म्हणाली, "रातच्या असतीन रातले. आता त सकाय हाय. जेवून राह्यल्या न त्या." आणि वाकून शटरखालून आत गेली.

मी बाहेर, चपला हातात. आतलं सगळं दिसत होतं. एका पोरीनं उठून बर्फाच्या पेटीतून पाणी काढलं आणि त्यात नळी टाकून दिली. वच्छलानं नळी बाजूला ठेवली आणि ओठ न लावता वरून घटाघट प्यायली. पोरी टाळ्या वाजवून हसल्या. मग ही तिथंच स्टुलावर बसली आणि खुणांनी चौकश्या सुरू. लेकरू? किती मोठं? पोरीनं मोबाइल काढला. एक लहान मुलगा, दाराशी आजीच्या मांडीवर, मागं केळीची झाडं. वच्छलानं तो फोटो बराच वेळ हातात धरला. मग बर्फीचे दोन तुकडे काढले. एक पोरीच्या हातावर ठेवला, दुसरा मोबाइलातल्या पोराकडं बोट करून तिच्या मुठीत कोंबला.

"गावाले पाठवजो," असं वऱ्हाडीत बजावून सांगितलं. पोरीनं मान हलवली. कोणाला कळलं नाही असं काही तिथं नव्हतं.

बाहेर वकीलीणबाई चुळबुळ करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला पण तहान लागली बाई," आणि शटरखालून आत. मग एकेक करत बाकीच्या. वकीलसाहेब रस्त्यावर उभे राहून आकाशाचा अभ्यास करत होते. त्या दिवशी आकाशात काहीच नव्हतं.

परतीच्या बोटीत वच्छला किनाऱ्याकडं तोंड करून बसली होती. माझं लक्ष घड्याळात. मग अचानक म्हणाली, "माह्यं शास्त्र चुकलं वो येथं."

"कसं?"

"येथं तिन्ही वोयी एकच हाय. पोरी राह्यते तेथंच, इकते तेथंच." थोड्या वेळानं म्हणाली, "पन पानी पेली. फुकेत पाह्यलं."

संध्याकाळपर्यंत बातमी पुण्याला पोचली. केतननं आपली कातडी वाचवली असणार. सुधीरचा फोन. "आई, तू बायकांना घेऊन कुठं गेली होतीस?"

"फुकेतले."

"अगं फुकेतमध्ये कुठं?"

"येका घरी. तू नाई गेला का कधी कोनाच्या घरी?"

मग राहिलं सिंगापूर, आणि तिथं ती हरली. केतननं आता आम्हाला शेळ्यांसारखं मोजायला घेतलं होतं. धक्क्यावरून बस, बसमधून तो पाणी ओकणारा दगडी सिंह, तिथून एक मोठा मॉल, तिथून विमानतळ. वच्छला काचेला नाक लावून बसली होती. उंच उंच इमारती, खिडक्यांतून बांबूवर कपडे वाळत घातलेले. "घरं दिसून राह्यले," ती म्हणायची, "दार दिसत नाई." मॉलपाशी सोडलं तेव्हा ती माझा हात धरून मागच्या रस्त्यानं चालत सुटली. एका इमारतीच्या फाटकात पोचली. पहारेकरी होता. फार सभ्य. तिनं अंगठा तोंडाला लावला. त्यानं हसून एका भिंतीकडं नेलं आणि पाण्याचा नळ दाखवला. थंड, गाळलेलं, फुकट.

वच्छला त्या नळासमोर उभी राहिली. बटण दाबलं. पाणी उडालं, तिनं पाहिलं, बंद केलं. प्यायली नाही. "चला," म्हणाली. मी म्हणालो, "पे न, पानीच त हाय." बर्फीचा शेवटचा तुकडा तिनं त्या पहारेकऱ्याला दिला, पण तो घेईना, नियम नव्हता.

त्यानंतर कोणीही विचारलं की एकच उत्तर. "पेनांग पाह्यलं. फुकेत पाह्यलं. सिंगापूर नाई पाह्यलं." सुधीर चिडायचा, कारण खर्च सिंगापूरचा जास्त होता. "आई, तुझे फोटो आहेत सिंहासमोरचे!" ती म्हणायची, "फोटूनं पाह्यलं असन."

पुढं तिचं हृदय दमलं. पायाला सूज, श्वास पुरेना. सुधीरनं अमरावतीच्या एका मोठ्या दवाखान्यात स्पेशल रूम घेतली. थंडगार, टीव्ही, आणि न उघडणारी काचेची खिडकी. डॉक्टरनं तिला पाणी मोजून द्यायला सांगितलं. दिवसाचं सगळं पाणी एका बाटलीत मावायचं आणि बाटली नर्सजवळ असायची. भेटायला येणारे म्हणायचे, "क्रूझ झाली न, सोनं झालं बाईचं." जसं काही ती गंगेत बुडी मारून आली. वच्छला भिंतीकडं तोंड करायची. मला विचारायची, "बाजूच्या खोलीत कोन हाय?" बाजूच्या खोलीचं दार कायम बंद. मलाही माहीत नव्हतं.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. मी खाली कॅन्टीनमधून माझ्यासाठी चहा आणायला गेलो. परत आलो तर पलंग रिकामा. नर्स घाबरी, वॉर्डबॉय पळतोय. मी जिने उतरलो. खालच्या मजल्यावर जनरल वॉर्ड आहे, तिथं पेशंट एक आणि त्याच्यासोबत अर्धं गाव. तिथं एका कोपऱ्यात वच्छला बसली होती. मेळघाटातलं एक कोरकू जोडपं, त्यांची सून पलंगावर, ही पलंगाच्या कडेला. वच्छलाच्या हाताला लावलेल्या सलाईनची बाटली त्या माणसानं हात उंच करून धरली होती. तिच्या हातात जर्मनचा तांब्या.

"अवो, डॉक्टरनं काय सांगतलं? उठ. चाल वरतं."

"वरतं कोन हाय?"

नर्स दारात येऊन थांबली होती.

"हे धारनीच्या तिकडले हाय," वच्छला म्हणाली, श्वास लागत होता, पण पाव्हण्यांची ओळख करून देतात तसं रीतसर सांगत होती. "याइच्या दारात मोहाचं झाड हाय. सुनेले पोरगी झाली. अशक्त हाय, पन जगन." आणि तांब्या माझ्याकडं केला.

"मले तहान नाई."

"तहानेचं कोन बोलून राह्यलं? घ्या."

मी दारात उभा नव्हतो, पण आतही नव्हतो. त्या माणसानं बाटली खाली न करता पाय सरकवून मला जागा करून दिली. मी पायातल्या चपला पलंगाखाली सारल्या आणि बसलो. तांब्या घेतला आणि प्यायलो. कोमट होतं, भांड्याची चव लागत होती.

वच्छला वाट पाहत होती. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. हातावर काहीतरी ठेवायचं असतं. माझ्याजवळ होता तो चहा, कागदी पेल्यातला, थंड झालेला. मी तो त्या बाईपुढं केला. तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग घेतला आणि दोन घोटांत पिऊन टाकला.

तेव्हा वच्छला मागं टेकली, डोळे मिटून, आणि मला म्हणाली, "आता सांगा याइले, आपलं गाव कोनतं."